परसोंची धडधड

नाव हिम्मतराव, आणि माणूस पालीला भिणारा. हैदराबादेतल्या विद्यानगरच्या त्यांच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुत्रं भुंकलं की हे रस्ता बदलत, सुई दिसली की खुर्चीचा हात घट्ट धरत. पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते, पण टाकीवर चढायची वेळ आली की नेमके त्यांचे गुडघे दुखायला लागत.

एका गोष्टीला मात्र ते कधी भ्याले नाहीत. रमला.

संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून स्वारी व्हरांड्यात बसे. ग्लासात रम, वर कोमट पाणी, लिंबाची फोड. बशीत कांदा-मिरची घातलेले शेंगदाणे. पहिला घोट ते जिभेवर धरून ठेवत, घाई कसली ती नाही. मग गुळाच्या कढईचा असतो तसला वास नाकात चढे आणि साहेबानं दिवसभर खाल्लेलं डोकं हळूहळू ताळ्यावर येई. दोन पेग झाले की बाटली कपाटात. आवाज चढला नाही, पाय लटपटला नाही, कुणाला शिवी दिली नाही. शेंदी-ताडी ढोसून गटारात लोळतात ते दारुडे; आपण बेताचे. या ‘बेताचे’वर त्यांचा भारी जीव होता.

मध्यंतरी राज्यात दारूबंदी आली तेव्हा हिम्मतरावांना एकाएकी सासुरवाडीचा उमाळा आला. बायकोचं, जयवंताबाईंचं, माहेर भालकीचं, म्हणजे कर्नाटकातलं, आणि तिथे बंदी नव्हती. जावई दर शनिवारी दारात हजर. जावयाचा केवढा लोभ आपल्यावर, म्हणून सासरे गावभर सांगत सुटले.

बंदी उठली, आणि दुकानांत कधी नावं न ऐकलेल्या परदेशी बाटल्या येऊन बसल्या. वरच्या मजल्यावर पुण्याचा मिलिंद भाड्यानं राहत होता, कॉम्प्युटर कंपनीतला. तो एकदा म्हणाला, “काका, रोज थोडी घेतलेली हार्टला चांगली असते म्हणे. अमेरिकेत तसं छापून आलंय.” हिम्मतरावांनी हे वाक्य देवघरात ठेवावं तसं जपून ठेवलं. जयवंताबाईंना ते चार वेळा ऐकवलं. त्या बिचाऱ्या शेंगदाणे आणखी खरपूस तळायला लागल्या.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळी, दुसरा ग्लास अर्धा झालेला असताना, छातीत काहीतरी फडफडलं. पिशवीत कोंबडी कोंबावी तसं. ठोका पडे, चुके, मग तीन एकदम पडत. हिम्मतरावांना दरदरून घाम फुटला. थांबेल, थांबेल म्हणत ते बसून राहिले. ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, दिवाळीतही नाही. ऑफिसात ते चोरून मनगटावर बोट ठेवत आणि लगेच उचलत, कारण खाली जे चाललेलं असे ते जाणून घ्यायचीही छाती नव्हती. जिना चढताना दम लागे. संध्याकाळ झाली की मात्र ग्लास भरे. एक घोट पोटात गेला की भीती जरा बोथट व्हायची, आणि धडधड वाढायची. बायकोला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरसालच्या मोठ्या प्रदर्शनात, जयवंताबाई एक शाल पिशवीत टाकून दुसरी निवडत होत्या. काश्मिरी दुकानदार घडी उलगडत होता आणि हिम्मतराव त्याच्या गाठोड्यांवरच कोसळले. शुद्ध आली ती काचेच्या दारांच्या एका नव्या दवाखान्यात.

डॉक्टर केतकी तरुण होती, पुण्याहून नुकतीच आलेली. पेशंट मराठी बोलतात म्हणून तिला बरं वाटलं. छातीला वायरी लावल्या होत्या, पडद्यावर वेडीवाकडी रेघ पळत होती.

“काका, ही धडधड कधीपासून आहे?”

हिम्मतरावांनी उशाशी उभ्या बायकोकडे पाहिलं. दसरा म्हणावं तर सगळंच उघडं पडणार. त्यांनी हैदराबादी माणसाचा हुकमी शब्द काढला. “परसोंपासून.”

आता हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असतो, गेला महिनाही असतो आणि दोन वर्षांमागचं लग्नही परसोंच झालेलं असतं. इथे कुणी त्याचा हिशेब मागत नाही. पण केतकी पुण्याची. तिनं परवा ऐकलं.

“दोनच दिवस ना? मग सोपं आहे. जरा भूल देऊन छातीला विजेचा हलका झटका देऊ, ठोका जागेवर येईल.” ती नर्सकडे वळली. “तयारी करा. जास्त दिवस झाले असते तर असा लगेच देता आला नसता. हृदयात रक्ताची गुठळी धरलेली असली तर झटक्यानं सुटून मेंदूत जाते. अर्धं अंग लुळं पडतं.”

हिम्मतरावांनी मनात मोजलं, दसऱ्याला तीन महिने उलटून गेले होते. नर्सनं झटक्याच्या मशीनची गाडी ओढत आणली. जयवंताबाई पदरानं त्यांचं कपाळ पुसत होत्या. “घाबरू नक्को जी, डॉक्टरीणबाई सोपं म्हणून राह्यल्या ना.” नर्स सुई घेऊन दंडाशी वाकली.

“नक्को!” हिम्मतराव ओरडले. “दसऱ्यापासून आहे. दसऱ्यापासून!”

केतकीनं नर्सचा हात धरला. “परवा म्हणालात ना?”

“परसों म्हणलो.” त्यांना रडू फुटलं. “दसऱ्याला पिताना सुरू झालं. रोज पितो. दोनच. बेताचं.”

केतकी खुर्चीत बसली. तिचाही चेहरा उतरला होता. झटका आज नाही, ती म्हणाली. आधी काही आठवडे रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग बघू. आणि दारू आजपासून बंद.

“पण थोडी चांगली असते म्हणतात...”

“काका, काहींच्या हृदयाला थोडीही पुष्कळ होते. तुमचं त्यातलं दिसतंय.”

ती गेल्यावर जयवंताबाई नवऱ्याकडे वळल्या. शालीची पिशवी अजून हातात तशीच होती.

“इतके दिवस छातीत असं होत होतं,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्याशेजारी बसून पीत राह्यले? मला सांगायचं होतं की.”

“भ्यालो.”

“मरणाला?”

“नाही,” हिम्मतराव म्हणाले. “तू बंद करशील म्हणून.”

हे तोंडातून गेलं आणि त्यांनाच ऐकू आलं. जन्मभर पालीला, सुईला, उंचीला भ्यालेला माणूस मरणाला भ्याला नव्हता. त्यांनी घाबरून बायकोचा हात धरला. जयवंताबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दुसरा हातही त्यावर ठेवला.