झडतीकाकांची झडती

बिस्किटांच्या कारखान्याच्या फाटकावर उभा जन्म काढलेल्या या माणसाला सगळी गल्ली झडतीकाका म्हणायची. पाळी सुटली की कामगारांनी त्यांच्यासमोर खिसे उलटे करून दाखवायचे, पिशवीत काकांचा हात पार कोपरापर्यंत जायचा, आणि मग ते म्हणायचे, "चला, पुढे व्हा." साडू त्याच कारखान्यात होता, त्यालाही सुटका नव्हती. तो बरेच दिवस घरी फिरकला नाही. पण एक गोष्ट खरी, स्वतःची पाळी संपली की काका पुढच्या रखवालदारासमोर आपलेही खिसे उलटे करत. झडती घेणाऱ्याचीही झडती झाली पाहिजे, हा फाटकाचा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

निवृत्तीनंतर फाटक सुटलं, संशय तेवढा घरी आला. कलिंगडावर ते इतक्या टिचक्या मारत, की शेवटी फळवाली म्हणायची, "काका, आत कोणी राहत नाही हो."

या संशयी स्वभावाचा घरात एक मोठा उपयोग मात्र होता. काकूंना मधुमेह होता आणि त्यात त्यांच्या पावलांतली संवेदना गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी चार घरं पुढे गेल्यावर कळायचं. पाणी कितीही कढत असलं तरी त्यांना चटका समजायचा नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, या पायाला भाजलं तर जखम भरणं कठीण, पायच गमावायची पाळी येईल. म्हणून रोज संध्याकाळी पाय शेकायला बसण्याआधी काकू हाक मारायच्या, "अहो, कोपर!" काका यायचे, बादलीत काढलेल्या विजेच्या बॉयलरच्या पाण्यात कोपर बुडवायचे, थंड पाणी ओतायचे, पुन्हा बुडवायचे आणि म्हणायचे, "चला, पुढे व्हा."

अशा घरात लेकीने पाणी तापवायला गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. ती परगावी, तेव्हा सगळं फोनवरच ठरलं. फिटर आला, आणि काका स्टूल टाकून त्याच्या मानगुटीवर बसले.

"बॉयलर काढून नेणार नाहीस ना?"

"नाही काका. ऊन असेल तेव्हा वरचं तापलेलं पाणी बॉयलरमधून खाली येईल. आभाळ आलं की राहिलेलं काम बॉयलर करेल."

"आणि न्हाणीघरात हे पितळेचं काय चिकटवलंस?"

"मिक्सिंग व्हॉल्व्ह. बॉयलर आपण सांगू तेवढंच तापवतो, सूर्याला बटण नसतं. दुपारभरात टाकीतलं पाणी कातडी सोलेल इतकं तापतं. हा त्यात थंड मिसळून नळाला सोसवेल एवढंच सोडतो. याला हात लावू नका."

हात लावू नका! फाटकावर असं म्हणणाऱ्याच्याच पिशवीत पुडे सापडायचे. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

पुढे ती पाल गप्प बसेना. गच्चीवर जाऊन पाइपाला बोट लावलं तर चटका बसायचा, आणि खाली नळाला मात्र बेताचं गरम पाणी. मग मधल्यामधे ऊब खातं कोण? फिटरने हलका माल बसवलाय, हे काकांनी मनाशी पक्कं करून टाकलं. त्यात आणखी एक गोष्ट त्यांना लागली होती, आणि ती ते कोणापाशी बोलत नव्हते. "अहो, कोपर!" ही हाक बंद झाली होती. नळाचं पाणी रोज सारखंच यायचं, काकू आपल्या आपण बादली भरायच्या. काकांना त्या पितळी तुकड्याचा राग आला होता, खरंखुरा मत्सर वाटत होता.

एका संध्याकाळी त्यांनी पक्कड घेतली, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आतला स्क्रू जाईल तेवढा फिरवला. नळाखाली हात धरला आणि ओय करून मागे घेतला. सापडला चोर! या आनंदात ते तडक गच्चीवर गेले आणि टाकीशेजारी उभं राहून त्यांनी फिटरला फोन लावला.

"तुझी लबाडी पकडली. आता कसं कडकडीत पाणी येतंय बघ!"

पलीकडून फिटर ओरडला, "काका, फिरवलात तुम्ही? काकूंच्या पायांचं ताईंनी फोनवर सांगितलं होतं, म्हणूनच बसवला होता तो! काकू कुठे आहेत?"

आणि काकांना खालून बादली भरल्याचा आवाज आला.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि चोर कोण तर आपण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या धुंडाळल्या आणि बायकोचे पाय उघड्यावर टाकले. कठड्याला धरून, घसरत, तिला हाका मारत ते जिना उतरले.

न्हाणीघर वाफेने भरलं होतं. काकू पाटावर बसल्या होत्या, बादली समोर होती. पाय बाहेर होते, कोरडे.

"घातलेस का गं पाय?"

"नाही." काकूंनी हात पुढे केला. कोपर लालबुंद झालं होतं. "तुम्ही इथून पक्कड घेऊन बाहेर पडलात, तेव्हाच मला संशय आला."

काका तिथेच ओल्या फरशीवर मटकन बसले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मला वाटलं, तो फिटर..."

"फिटरवर मी विश्वास ठेवला, लेकीवर ठेवला. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर तुमच्यावर कसा ठेवू?" काकूंनी बादली बाजूला सारली. "उठा. खिसे दाखवा."

काका उठले. भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले. एकातून पक्कड निघाली, दुसऱ्यातून व्हॉल्व्हचं टोपण. काकूंनी दोन्ही वस्तू आपल्या पदराखाली घेतल्या.

"चला, पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "थंड पाणी ओता आणि कोपर घाला."