चौथी पास बाईची हिब्रू

शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात, तसे आमच्या शनिवारच्या क्लासचे किस्से साचलेत. झाडून काढावं तर नवीन पडतो!

क्लास कसला? बायबलमधल्या संदेष्ट्यांची वचनं मूळ हिब्रूतून वाचायचा. इथंच नागपुरात, सदरमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत. फॉर्मवर मी शिक्षण लिहिलं, 'चौथी'. पास्टर सर घुटमळले. "बाई, वर्षाच्या शेवटी बाहेरून परीक्षक येतात. त्यांच्यासमोर पान वाचून अर्थ सांगितला तर पुढं ठेवू. नाही तर नाव कट."

"मग नाव पेननं लिहा," मी म्हटलं. "पेन्सिलीनं नको!"

*

आमच्या क्लासमधले वानखेडे काका खापरखेड्याच्या पॉवर हाउसमधून रिटायर झालेले. पुस्तकाला कव्हर घालून, वर ऐटीत नाव टाकून आले. आता हिब्रू वाचतात उजवीकडून, म्हणून पुस्तकही दुसऱ्या बाजूनं उघडतं. काकांचं नाव पडलं होतं मागच्या कव्हरवर!

"वानखेडे, तुम्ही शेवटून सुरुवात केली," सर हसले.

"भविष्यवाणीच शिकून राहिलो ना जी? शेवट पहिले कळला त काय बिघडलं!"

*

हिब्रूत अक्षरांखाली बारीक टिंबं असतात. एका टिंबावरून काकांची आणि एम.ए. झालेल्या शालिनीची अर्धा तास जुंपली. मी वीस वर्षं ब्लाउजला हुक लावते. पान ओढलं, नखानं खरडलं. टिंब नखात आलं. माशीची घाण!

काका म्हणाले, "शालिनी, एम.ए. करून माशीनं फसवलं वं तुले!" स्वतःचं सोयीनं विसरले.

*

पाठांतर माझं मशीनवरच. घशातून खरखरीत 'ख' काढावा लागतो. ब्लाउज न्यायला आलेली बाई दारातूनच म्हणाली, "ताई, मशीनीले तेल टाका ना, किती खरखरते!"

"मशीन नाही वं, मी होय ते!"

*

जाऊबाईंनी एकदा चारचौघींत टोमणा मारला. "काहून वं, भविष्य शिकून राहिली त सांग, माह्या पोराले नोकरी कधी लागते?"

"आमचे संदेष्टे नोकरी नाही सांगत," मी म्हटलं. "कोणी कोणाचं लुबाडलं, ते राजाच्या तोंडावर सांगत. तुमचं सांगू?"

जाऊबाईंना एकदम गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली.

*

मग परीक्षक आले. कोट, टाय, सोनेरी चष्मा. माझा फॉर्म पाहिला आणि किटलीकडं बोट केलं. "बाई, तुम्ही चहाचं बघा. देवाला मराठी कळते. हे तुमचं काम नाही, घरीच प्रार्थना करा."

सरांनी मान खाली घातली. काका उठायला लागले. मी त्यांना बसवलं.

"पान मी निवडू?"

"निवडा," ते हसून म्हणाले.

मी उभ्यानंच वाचलं. एकदाही अडखळले नाही. परीक्षकांचं हसू गेलं. "अर्थ?"

"राजाच्या देवळातला पुजारी एका मेंढपाळाले म्हणते, इथं तुह्यं काम नाही, आपल्या गावी जा. आत्ता तुम्ही मले म्हटलं, तसंच! मेंढपाळ म्हणते, मी काही संदेष्ट्याच्या घरचा नाही. मेंढरं राखतो. पण तिथून मले देवानं उचललं. आता बोलल्याशिवाय जात नाही!"

परीक्षकांनी माझ्या फॉर्मवर सही केली. मग उठले, स्वतः किटली उचलली.

"बाई," त्यांनी विचारलं, "साखर किती?"