अडगळमावशी आणि चार वाजताची बाही

मावशीला सगळे अडगळमावशी म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होताना बाकीच्यांनी भेट म्हणून घड्याळं घेतली; हिनं कोपऱ्यात धूळ खात पडलेला कॉम्प्युटर मागून घेतला. तेव्हापासून तिच्या मागच्या खोलीत अशा यंत्रांची रांगच लागली, ज्यांचा प्रोसेसर चारचौघांसारखा नसतो. नेहमीची डिस्क घातली, की ती मख्ख बसून राहतात.

"त्यांच्या बोलीत हाक मारली तर ओ देतात," मावशी म्हणायची. कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी खास त्या प्रोसेसरसाठी जुळवलेलं लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, ती शोधून काढायची, आणि कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलेलं धूड पुन्हा उठून कामाला लागायचं.

तिचा एक नियम होता. यंत्र ठेवणीत टाकायचं, तर आधी आतला चपटा सेल काढायचा. सेल पाझरला की बोर्ड खातो. काढलेले सेल ती चिठ्ठ्या चिकटवून एका बरणीत ठेवायची, आणि बरणी आल्यागेल्याला दाखवायची.

तिची भाची कपड्यांचे साचे काढून द्यायची. कॉलर, पाठ, बाह्या, जे लागेल ते. कागदावर साचे आखणारा तिचा प्लॉटर म्हातारा होता, पण रेघ केसाएवढी हलेल तर शपथ. अडचण एवढीच, की त्याची जाडजूड केबल नव्या लॅपटॉपला कुठं लागतच नव्हती. तो एका जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकायचा, आणि गेल्या आठवड्यात त्या कॉम्प्युटरनं मान टाकली. त्याच जातीचा दुसरा मावशीच्या रांगेत होता. तो तिनं भाचीच्या वर्कशॉपात आणून कापडाच्या ताग्यांमध्ये मांडला.

भाचीनं मात्र शनिवारी चार वाजता भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तोवर यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर प्लॉटर त्याच्या गाडीत आणि आपण सोमवारपासून जुन्या कारखान्यात, दुसऱ्याच्या बाह्या शिवायला. नवा प्लॉटर घेण्याची ऐपत नव्हती. हे तिनं मावशीला इतक्या शांतपणे सांगितलं, की मावशीनं सरळ स्क्रूड्रायव्हर उचलला.

शनिवारी सकाळपासून तीनदा तेच झालं. लिनक्स उठायचं, भाषा विचारायचं, डिस्कचे भाग पाडायचं आणि नेटवरून सामान आणायला गेलं की अडायचं. फायली खऱ्या असल्याची खूण म्हणून त्यांवर असते ती डिजिटल सही पटत नाही म्हणायचं. मावशीनं मेमरी बदलली. डिस्क बदलली. केबल बदलली.

"आता मलाच बदल," भाची म्हणाली.

"तुझी जात मिळत नाही बाजारात. बस तिथं."

चारला पाच कमी असताना भंगारवाला आला. माणूस सावकाश, मिशा पांढऱ्या. प्लॉटरभोवती एक फेरी मारून तो स्टुलावर बसला. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर साल शोधायचं, ही त्याची धंद्यातली सवय. प्लॉटरच्या पाठीवरचं साल त्याला सापडलं. मग तो कॉम्प्युटरचा पडदा बघू लागला.

"ताई, हे यंत्र किती सालचं?"

"वीस-बावीस वर्षांचं असेल," मावशी म्हणाली.

"मग इथं एकोणीसशे चार का लिहिलंय?"

मावशीनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ओळीच्या सुरुवातीला, जिथं तिनं सकाळपासून एकदाही पाहिलं नव्हतं, तिथं तारीख होती. एक जानेवारी, एकोणीसशे चार.

ती खुर्चीत मागं रेलली आणि हसत सुटली. भाचीला वाटलं, झालं, मावशी कामातून गेली.

"अगं, सेल. सेल मीच काढला ना त्याचा! आतलं घड्याळ बंद. बंद पडलं की या जातीचं घड्याळ मोजणीच्या पहिल्या दिवसावर जातं, म्हणजे एकोणीसशे चारवर. त्याला वाटतंय अजून एकोणीसशे चारच चाललंय. आपण याच वर्षीच्या सहीचं सामान त्याच्या पुढ्यात ठेवतोय, आणि ते बिचारं म्हणतंय, ही सही अजून झालेलीच नाही, मी घेऊ कशी?"

"म्हणजे तूच..."

"मीच. बरणीतसुद्धा मीच घातला. चिठ्ठीही लावलीय."

"तेव्हा तर माझा आजोबाही जन्मला नव्हता," भंगारवाला यंत्राकडे आदरानं बघत म्हणाला.

मावशीनं एका ओळीत आजची तारीख घातली आणि चौथ्यांदा सुरुवात केली. भाचीनं भंगारवाल्याला सांगून पाहिलं, की वेळ लागेल, तुम्ही उद्या या. त्यानं नकारार्थी मान हलवली. एवढं बघून शेवट न बघता उठून जाणारा माणूस तो नव्हे. तासभर तिघं एका रांगेत बसून पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत राहिली. या वेळी सामान आलं आणि मुकाट्यानं जागच्या जागी बसलं.

प्लॉटरची केबल भाचीनं स्वतः लावली. आत काहीतरी खडखडलं, पेन कागदावर टेकलं आणि सुरू झालं. खांद्याची गोलाई, काखेचं वळण, मनगटापाशी सरळ. अख्खी बाही.

भाचीनं पट्टी लावून मोजली. पुन्हा मोजली. मग फोन घेऊन ती ताग्यांच्या पलीकडं गेली, आणि सोमवारी येत नाही, असं तिनं कारखान्यात कळवल्याचं दोघांनी इकडून ऐकलं. आवाज जरा चढाच होता.

"नवा सेल घालेपर्यंत बंद करू नकोस हं," मावशी ओरडून म्हणाली. "नाहीतर पुन्हा आजोबांच्या आधी जाईल."

भंगारवाला उठला. रिकाम्या हातानं परत जाण्याचं त्याला मुळीच वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. दारात तो घुटमळला.

"ताई, माझ्या गोदामात असाच एक पडलाय. कुठलीच डिस्क घेत नाही. आणू का?"

"आण की."

"सेल काढून आणू?"

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली.