बारा आणि तेवीसची सोयरीक

शनिवारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, सोमवारी एम.एस्सी.च्या वर्गावर एक तास घ्या. मी मागं बसतो. पोरांना समजलं तर इम्युनॉलॉजीचा पेपर तुमचा. न्हाई तर लातूरहून कुणाला तरी बोलवावं लागंल."

अहमदपूरच्या आमच्या कॉलेजात मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवत होते. तो पेपर मला फार हवा होता. घरी येताच डायरीत पान आखलं: विषय, साहित्य, वेळ, येतील ते प्रश्न.

विषय मुद्दाम अवघड घेतला. आपल्या शरीरात अँटिबॉडीचे अगणित प्रकार बनतात, पण तेवढी जनुकं काही आपल्याकडे नाहीत. अँटिबॉडीत एक जड साखळी असते आणि एक हलकी; जड साखळीच्या जनुकाचे व्ही, डी आणि जे अशा तीन जातींचे तुकडे ओळीने असतात. अँटिबॉडी बनवणारी बी पेशी घडताना प्रत्येक जातीतला एकेक निवडते आणि जोडते. कुठे कापायचं ते तुकड्याच्या काठावरची खूण सांगते. डीएनएची सात अक्षरं, मग मध्ये जागा, मग नऊ अक्षरं. ती जागा बारा अक्षरांची असते किंवा तेवीस. बारावाली खूण फक्त तेवीसवालीशी जुळते. हे वाचताना मी दोनदा खुर्चीतून उठले. एवढा मोठा कारभार आणि नियम एका ओळीचा!

रविवारी सकाळी ओसरीत दोरी बांधली आणि तिच्यावर व्ही, डी, जेचे पुठ्ठे अडकवले. काठांना कपड्यांचे चिमटे लावले: तेवीसला हिरवा, बाराला लाल. माझ्या सवयीने सगळं एकाआड एक. व्हीला हिरवा, डीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, जेला लाल. दिसायला अगदी नीटनेटकं.

सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. उदगीरपर्यंतच्या सोयरिकी त्यांनी जुळवल्यात. त्यांनी विचारलं, "काय मांडायलीस गं?"

मी नियम सांगितला. लाल-लाल जमत नाही, हिरवं-हिरवं जमत नाही.

"म्हंजे भाऊकी. भाऊकीत सोयरीक न्हाई."

"हो, तसंच. आणि हा मधला डी दोघांनाही हवा."

त्यांनी चिमट्यांकडे पाहिलं. "मग हा पहिला हिरवा सरळ शेवटच्या लालला धरंल की. मधल्याला कोण इचारतंय? लई शिकलीस, पण मध्यस्थ बिनकामाचा ठिवलास."

मी पुस्तक उघडलं. डीच्या दोन्ही काठांना बाराच होतं, आणि व्ही आणि जे दोघेही तेवीसवाले. म्हणजे ते एकमेकांची भाऊकी! थेट जुळूच शकत नाहीत, म्हणून डी लागतो. हे पान मी तीनदा वाचलं होतं आणि तरी रंग एकाआड एक लावले होते. दोन चिमटे बदलले आणि सासूबाईंना चहा करून दिला.

सोमवारी सासूबाईंच्याच भाषेत, सोयरीक आणि भाऊकी म्हणत, नियम सांगितला आणि मुलांच्या हातात दोरी आणि पुठ्ठे दिले. आधी डी आणि जे जुळले, मग त्या जोडीला व्ही. खुणांचे चिमटे कापलेल्या दोरीसकट बाजूला पडले. मागच्या बाकावरचा एक जण मुद्दाम व्ही घेऊन थेट जेकडे गेला, तर सगळा वर्ग ओरडला, "भाऊकी, भाऊकी!"

मग धर्माबादहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्या स्थळांना मागणी सारखीच असती का?"

माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. उत्तर मात्र माहीत होतं, आणि सांगताना माझा आवाज चढला. "नाही. खुणेची अक्षरं जितकी नमुन्याबरहुकूम, तितका तो तुकडा जास्त वेळा निवडला जातो. एखाददुसरं मोक्याचं अक्षर बदललं की मागणी घटते. काही तुकडे तर क्वचितच निवडले जातात."

"म्हंजे पत्रिका बिघडली," कुणीतरी म्हणालं.

प्राचार्य उठले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी वर्गालाच विचारलं, "अँटिबॉडीच्या हलक्या साखळीत डी नसतोच. मग तिथं व्ही आणि जे कसे जुळतात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली. "सर, तिथं एकाला बारा आन् दुसऱ्याला तेवीस असणार. मग थेट जमतंय. मध्यस्थ कशाला पायजे?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. तिने ते नियमावरून काढलं होतं.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाय ना, मॅडम?"

"बरोबर आहे, सर."

"मग लातूरला फोन करायचं कारण न्हाई," ते म्हणाले आणि जाताना दार ओढून घेतलं. तासाची वीस मिनिटं अजून शिल्लक होती. मी हलकी साखळी काढायला घेतली.