घंगाळावरचा कुंभकर्ण

१९३६ साली इसाकभाईंना ओळखत नाही असा माणूस नाशकाच्या भांडी बाजारात शोधून सापडला नसता. सापडलाच, तर त्याच्या घरी पाणी प्यायला तांब्याही नसेल असं खुशाल समजावं! गोरक्षशेठच्या दुकानाबाहेर, ओट्याच्या कोपऱ्यात पोतं टाकून इसाकभाई बसायचे आणि लोकांच्या भांड्यांवर नावं घालायचे. एका हातात छोटी हातोडी, दुसऱ्या हातात टोकदार छिन्नी. टिक टिक टिक, एकेक टिंब. बावीस वर्षांत हजारो नावं घातली, पण कधी काना इकडचा तिकडे झाला नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

दुसरा गर्व कोड्याचा. मुंबईचं मराठी दैनिक रोज सकाळी गाडीनं नाशिक रोडला उतरायचं आणि दहाच्या सुमारास टांग्यातून बाजारात यायचं. शेठ त्यातले तांब्या-पितळेचे भाव वाचायचे आणि पेपर बाहेर भिरकावायचे. इसाकभाई तो वरच्या वर झेलायचे आणि थेट आतल्या पानावर जायचे. तिथं रोज एक कूटकोडं असायचं. साधं शब्दकोडं नव्हे बरं! 'देवाचा हत्ती, सांगा' असं विचारलं तर कोणीही सांगेल. इथं सूचनाच अशी तिरकी, की वाचणाऱ्याला घाम फुटावा. रचणारा स्वतःला 'घुबड' म्हणवून घ्यायचा.

नुसतं सोडवून भागलं असतं तर बोलायलाच नको होतं. इसाकभाई त्या घुबडाची रोज परीक्षा घ्यायचे. संध्याकाळी एकेका सूचनेला दहापैकी गुण द्यायचे, खाली शेरा लिहायचा आणि शनिवारी सगळं संपादकांना टपालानं धाडायचं. 'सात उभं, झकास, नऊ गुण.' 'बारा आडवं, शुद्ध लबाडी, शून्य गुण. उत्तर कळल्यावरही पटत नाही. घुबडरावांनी वाचकाला मनकवडा समजू नये.' संपादकही खट! ते हे शेरे दर मंगळवारी 'नाशिकच्या परीक्षकांचं मत' म्हणून छापायचे. इसाकभाईंचा नियम एकच होता. सूचनेनं चकवावं, पण खोटं बोलू नये.

सकीनाबी, त्यांची बायको, म्हणायची, "भांड्यावर लिहिता तेव्हा चूल पेटते. कागदावर लिहून काय पेटतं?"

"डोकं पेटतं," इसाकभाई म्हणायचे.

तर वैशाखातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात, ओट्यावर भांड्यांचा ढीग. सिन्नरकडचा धोंडीराम नावाचा शेतकरी एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ घेऊन आला. सोबत बायको फुलाबाई.

"उद्या लेकीचं लगीन हाय, इसाकभाई. नाव लय मोठं घाला. वरबापाला लांबनं दिसलं पायजे."

"घालतो की. वरच्या ओळीत एकटं तुमचं नाव. खाली, 'यांजकडून चि. सौ. कां. चंद्रभागा हिस सप्रेम भेट.' कसं?"

धोंडीराम खूश होऊन बायकोबरोबर लुगडी घ्यायला गेला. इसाकभाईंनी आधी खालची ओळ घातली. पण सकाळपासून डोक्यात एक सूचना घोळत होती. 'मडक्याला कान आले, तरी हाका ऐकेना.' चार घरं. पेपर मांडीशी, पेन्सिल कानावर, छिन्नी हातात. वरची ओळ घालायला घेतली आणि एकदम उजेड पडला. मडकं म्हणजे कुंभ, कान म्हणजे कर्ण! कुंभकर्ण! वा रे घुबडा, दहापैकी दहा! त्या आनंदात हात चालत राहिला, मध्येच पेन्सिलही चालली, आणि काम झालं.

धोंडीराम परत आला. त्यानं मोठ्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं आणि तोंडभर हसला. मग घंगाळ एका जुन्या धोतरात गुंडाळून सिन्नरच्या मोटारीच्या टपावर चढवलं.

दिवेलागणीला इसाकभाई शेरे लिहायला बसले. घुबडाला शाबासकी द्यावी म्हणून कोडं उघडलं, तर काय! कोड्यातल्या चार घरांत, त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'धों-डी-रा-म'.

"या अल्ला! सकीना, मी घंगाळावर कुंभकर्ण घातला!"

सकीनाबीनं कपाळाला हात लावला. "पण त्या माणसानं पाहिलं कसं नाही?"

"पाहिलं ना. बोट फिरवून पाहिलं." इसाकभाई बोलता बोलता थबकले. "त्याला वाचता येत नाही गं. माझ्यावर भरवसा ठेवून घेऊन गेला."

सकाळच्या पहिल्या मोटारीनं ते निघाले, पिशवीत हातोडी-छिन्नी. सिन्नरला उतरून धोंडीरामच्या गावापर्यंत दोन कोस तंगडतोड केली. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, वऱ्हाड दुपारी यायचं होतं. मांडवात रुखवत मांडला होता आणि मधोमध हार घातलेलं घंगाळ. धोंडीराम एकेका भाऊबंदाचा हात धरून तिथं नेत होता.

"हे बघा. हे माझं नाव हाय."

अक्षरओळख कोणालाच नव्हती, सगळे माना डोलवत होते. इसाकभाई मांडवात शिरले.

"इसाकभाई! तुमी लग्नाला आलात व्हय!" धोंडीरामला कोण आनंद झाला. "लय बरं वाटलं. आमचे व्याही शाळामास्तर हायेत. त्येनला वाचायला लावणार हाय, समद्यांसमोर."

जरा चमक द्यायची राहिली, असं म्हणून काहीतरी ठाकठोक करता आली असती. या माणसाला जन्मात कळलं नसतं. मोटारीत बसल्यापासून इसाकभाईंनी हेच घोकलं होतं. पण तो हसरा चेहरा समोर आला आणि जीभ वळेना. त्यांनी धोंडीरामला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

धोंडीरामचा चेहरा उतरला. "मंग सकाळधरनं मी कुणाचं नाव दावतुया?"

"कुंभकर्णाचं."

फुलाबाई मागं उभी राहून ऐकत होती. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "खोटं काय हाय त्यात? रात्री बैल सुटून मळ्यात जातो, पर ह्यो मानूस कूस बदलत नाय!"

"तू गप," धोंडीराम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मास्तर वाचतील. समद्या वऱ्हाडापुढं हसं व्हईल माझं. पुसा ते."

"पुसलं जात नाही हो. उमटलं ते उमटलं. घासलं तर पत्रा पातळ होतो, पाणी गळायला लागतं." इसाकभाई घंगाळापुढं मांडी घालून बसले. वरच्या ओळीत कुंभकर्णापुढं जागा बरीच होती. बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं घातली, पाच वर्षं घुबडाच्या चुका काढल्या. आता स्वतःला काही सुचतं का ते बघायचं होतं. फुलाबाई अजून हसतच होती. तिच्याकडे बघता बघता इसाकभाईंनी छिन्नी उचलली.

तासाभरानं त्यांनी वाचून दाखवलं. "कुंभकर्णसुद्धा उठून आला, चंद्रीच्या लग्नाला. धोंडीराम यांजकडून चि. सौ. कां. चंद्रभागा हिस सप्रेम भेट."

"अगं बया, उखाणाच की!" फुलाबाई म्हणाली.

धोंडीराम हसला नाही. तो खाली वाकला. "यातलं माझं कोणतं?"

इसाकभाईंनी त्याचं बोट धरून ओळीच्या शेवटी नेलं आणि एकेका अक्षरावर ठेवलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. दारात आंघोळीची घाई, आत पुरणाची घाई, लोक हाका मारत होते, पण धोंडीराम उठेना.

दुपारी वऱ्हाड आलं. मास्तरांनी चष्मा लावून घंगाळ मोठ्यानं वाचलं आणि मांडव खदखदून हसला. "व्याही, फर्मास! कोणी रचलं हो हे?"

इसाकभाई खांबाआडून पुढं झाले, चूक आपली म्हणून सांगायला. पण धोंडीरामच आधी पुढं सरकला. त्यानं मास्तरांचा हात हळूच बाजूला केला.

"ते ऱ्हाऊ द्या मास्तर. ह्ये बघा." त्याचं बोट न चुकता ओळीच्या टोकाला गेलं. "धों. डी. रा. म."

मास्तर कौतुकानं काही बोलणार होते. पण धोंडीरामचं लक्षच नव्हतं. त्यानं बोट मागं घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.