फलाट नसलेला थांबा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला वर्गावर होतो. फळ्यावरचं गणित अर्धं राहिलं. लातूरला पोचेपर्यंत डोक्यात एकच... आता त्या गाडीचं काय? माणूस गेला आणि याला गाडी सुचते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दाजींना ओळखणाऱ्याला कळेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लातुरात क्लासचं पेव फुटलं त्या काळातले फिजिक्सचे सर. पहाटेपासून बॅचवर बॅच. भूकंप त्याच्या थोडा आधीचा. औशाकडचं आमचं गाव पडलं, आई-आप्पा त्यात गेले. पुढे नवं गाव वसलं, सिमेंटची घरं झाली, पण अक्काने त्या दिशेला तोंड केलं नाही. आई-आप्पांचं नावही काढायची नाही. मला तिचा राग यायचा, आणि आपणही तसेच गप्प आहोत हे कळून स्वतःचाही.

लग्नानंतर, भूकंपाच्या आधी, अक्का माहेरी यायची ती अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने. रूळ रुंद करायचे म्हणून ती गाडी बंद झाली, त्या दिवशी दाजी म्हणाले, "ही गाडी मी घरात चालवणार. तुझ्या अक्काला गावच्या थांब्यापर्यंत नेऊन आणणार." मी हसलो. पण दाजींनी मनावर घेतलं की विषय संपला. परदेशी गेलेल्या एका विद्यार्थ्याने खेळण्यातली आगगाडी पाठवली. रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधलं अडीच फूट. म्हणजे सगळं पंच्याऐंशी पट लहान करायचं, एवढ्या हिशेबावर गृहस्थांनी सुरुवात केली. इंजिनाची चाकं आणि मोटार ठेवली, वरचा सांगाडा काढून पत्र्याचा नवा बसवला. क्लासचे जुने बाक जोडून टेबल केलं, पोरांनी कर्कटकाने कोरलेल्या नावांवरूनच रूळ गेले. प्रश्नसंचांच्या पुठ्ठ्याचे डबे झाले. बोटं कापली, चष्म्याचा नंबर वाढला, दोन बॅचच्या मधला वेळ तिथंच जायचा.

आणि गाडी रोज रुळांवरून पडायची. नेमकी आमच्या गावच्या थांब्यापाशी, वळणावर. दाजींनी चाकं घासली, रूळ उखडून पुन्हा बसवले, फळाभर गणितं मांडली. असा महिना गेला. शेवटी मीच म्हणालो, "दाजी, सोडा की आता."

"सोडायला काय लई अवघड न्हाई," ते म्हणाले, "म्हणूनच सोडायचं न्हाई."

एका दुपारी चहा घेऊन आलेली अक्का टेबलापाशी थांबली. तोवर तिने तिकडे धड पाहिलंही नव्हतं.

"ह्यो फलाट कशाला बांधलाव तुमी? आमच्या गावाला फलाट कुठं होता? खाली मुरमावरून चढायचो की. मी आत बसले की आप्पा खालून बोचकं द्यायचे..."

आप्पा! भूकंपानंतर तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दाजींनी जगातलं सगळं मोजलं होतं, त्या गाडीतून गेलेल्या बाईला विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्या गाडीचा डबा रुळांपेक्षा कितीतरी रुंद; वळणावर त्याचा कोपरा उंच फलाटाला अडत होता. त्यांनी ब्लेडने फलाट कापून काढला. गाडी सुटली, थांबा ओलांडून टेबलावरच्या लातूरला परत आली. अक्का खूप रडली. मग त्या संध्याकाळी आईच्या दही-धपाट्यांपासून जे बोलायला लागली ते थांबेचना. दाजी आणि मी नुसते ऐकत बसलो होतो.

तेरावं झाल्यावर मी त्या खोलीत गेलो. टेबलावर धूळ नव्हती. अक्का रोज पुसत होती. मुरमाचा तो थांबा मला फार रिकामा वाटला. पुठ्ठ्याची एक बाई कापली, तिला अक्का माहेरी येताना नेसायची तसं हिरवं लुगडं रंगवलं आणि रुळांशेजारी उभी केली. अक्काने ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"मला तिथं कशाला उभी करतूस? मी आत बसलेली हाय. सोड गाडी."

मी बटण दाबलं.