उंबऱ्याला लागणारी गाडी

खांदा कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी भेटणारे हे काका कोन नावाच्या गावचे. त्यांच्या भावकीत जमिनी विकल्यापासून प्रत्येकाच्या दारात रणगाड्याएवढी गाडी उभी आहे. काकांना मात्र बाजारातली सगळ्यात छोटी गाडी घ्यायची होती.

"भाऊ, धा वर्सं साथ देईल का ही?" ते ज्याला त्याला विचारायचे.

घाटात दमेल, विकताना कोणी हात लावणार नाही, चारचौघांत शोभणार नाही, असं आम्ही सांगायचो. "तुमचा बरोबर हाय," म्हणून ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे.

एका रविवारी तीच नवीकोरी गाडी घेऊन ते आले आणि मला समुद्रकाठच्या करंजाला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे घेऊन गेले. गुडघे गेल्यापासून त्या घरातच होत्या. मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडायची, आणि कोणी उचलून नेलेलं त्यांना खपायचं नाही. काकांनी आरसे मिटले आणि वाळत घातलेल्या बोंबलांमधून गाडी थेट त्यांच्या उंबऱ्याला लावली.

बाई कोणाचा हात न धरता उंबऱ्यावरून आत बसल्या आणि आम्ही बंदरावर गेलो. तिथे मासळीचा लिलाव चालू होता. काच खाली करून बाईंनी पापलेटच्या भावावरून असं कडाक्याचं भांडण काढलं, की जुन्या मैत्रिणी टोपल्या टाकून खिडकीशी धावल्या. काका स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होते.

"चल बाय, घरा जाव," शेवटी ते म्हणाले.

"घरा नाय जायाचा," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "आदी मना उरणचा बाजार दाव."